विमान लहान होते, हवा लहान होत नाही

राजापूर शहर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी, खोलात वसले आहे. तिथून घाटी चढून वर आले की जांभ्याचा सडा लागतो. पावसाळ्यात रानफुलांनी भरणारा आणि दिवाळीनंतर करडा-तांबूस होऊन पडणारा हा कातळ दूरपर्यंत सपाट दिसतो. झाडे तुरळक, आणि दुपार कलली की समुद्राकडून वारा सुरू होतो. रेडिओ-नियंत्रणावर चालणारी विमाने बांधून उडवण्याची हौस ज्यांना आहे, त्यांना याहून बरी जागा दाखवता येणार नाही. चरणारी गुरे जवळपास नाहीत ना, आणि बारसूसारख्या ठिकाणी पायाखाली कातळशिल्पे नाहीत ना, एवढे मात्र पाहायला हवे.

समजा, अशा एका हौशी माणसाने खऱ्या विमानाचा नकाशा मिळवला आणि प्रत्येक माप बरोबर सहाने भागून बाल्सा लाकडात एक विमान बांधले. पंखाची कमान तीच, शेपटीची उंची त्याच प्रमाणात, रंगसुद्धा तोच. विमान जमिनीवरून सुटते, वर चढते, आणि पहिल्याच संथ वळणावर एक पंख अचानक खाली पडून कातळावर येऊन आदळते. नकाशात चूक नव्हती, बांधणीतही नव्हती. खरे विमान त्याच वळणावर निमूट वळले असते. मग चुकले काय?

चुकले ते एवढेच, की विमान सहापट लहान केले, पण हवा लहान केली नाही. मोठ्या विमानाभोवती जी हवा होती, तीच या छोट्या विमानाभोवती आहे. तिचा चिकटपणा तेवढाच, तिची घनता तेवढीच. लहान पंखाला ही हवा जास्त चिकट वाटते. पाण्यात मासा सुळकन जातो आणि त्याच पाण्यात पडलेला डास धडपडत राहतो, त्यातला हा प्रकार आहे.

लहान विमानावरून मोठ्या विमानाविषयी काय कळते आणि काय कळत नाही, या प्रश्नाचा अभ्यास ज्यांनी त्याच्या उगमाशी जाऊन केला आणि नंतर तो भारतात विमाने बांधण्यासाठी वापरला, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरचे. राजापूरहून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापुराकडे गेले आणि तिथून आणखी दक्षिणेला वळले की गडहिंग्लज तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. राईट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादेहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेले गेले, तेव्हा हा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. भारतात विमान बांधणे सोडाच, पाहिलेली माणसेही त्या काळात विरळा होती.

संस्थानी मुलखातल्या एका खेड्यातून निघालेला हा हुशार विद्यार्थी शिकत शिकत थेट जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात पोहोचला. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते लुडविग प्रांटल. हवेच्या प्रवाहाच्या आजच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला असे ज्यांच्याविषयी बिनधास्त म्हणता येते, ते हे गृहस्थ. प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या मोजक्या भारतीयांपैकी घाटगे एक. १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रांटल यांच्याकडे काय शिकायला मिळत होते, हे थोडे थांबून पाहायला हवे, कारण सड्यावरच्या त्या पडलेल्या विमानाचे उत्तर तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेच्या प्रवाहाचे गणित आणि प्रत्यक्ष अनुभव यांचे जुळत नव्हते. हवेचा चिकटपणा इतका क्षुल्लक, की गणितात तो शून्य धरत असत. पण तसा धरला की वाऱ्यात ठेवलेल्या वस्तूवर काहीच रोध येत नाही, असे उत्तर निघे. हे उत्तर वेडगळ आहे, हे छत्री घेऊन कोकणातल्या पावसात चाललेल्या कोणालाही कळेल. प्रांटल यांनी पाण्याचा एक छोटा हौद घेतला. हाताने चाक फिरवून त्यात प्रवाह निर्माण करायचा आणि पाण्यात सोडलेल्या बारीक चकचकीत कणांवरून तो कसा वाहतो ते पाहायचे, इतका साधा प्रयोग. त्यातून १९०४ मध्ये त्यांनी मांडले, की चिकटपणाचा सगळा खेळ वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या एका अतिशय पातळ थरात चालतो. पृष्ठभागाला टेकलेली हवा स्थिर असते आणि तिथून थोड्याशाच अंतरावर ती पूर्ण वेगाने वाहत असते. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. विमानाचे बरेवाईट या थराच्या वागण्यावर ठरते.

हा थर पंखाच्या पाठीवरून वाहताना मागच्या कडेपर्यंत चिकटून राहिला, तर पंख उचल देतो. तो मध्येच सुटला, तर उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. मोठ्या आणि वेगवान पंखावर हा थर बहुधा खळबळता असतो, आणि गंमत अशी की खळबळता थर पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो. लहान, संथ पंखावर तो गुळगुळीत, शिस्तीत वाहतो आणि म्हणूनच लवकर सुटतो. प्रांटल यांनी हे १९१४ च्या सुमारास फार सुरेख दाखवले होते. वाऱ्यात ठेवलेल्या गुळगुळीत चेंडूभोवती त्यांनी बारीक तारेचे एक कडे बसवले. तारेने अडथळा झाला, म्हणजे रोध वाढायला हवा. तो कमी झाला! तारेमुळे थर खळबळला आणि चेंडूच्या मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहिला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात. आज हौशी विमानवालेही पंखाच्या पुढच्या भागात दोऱ्याची किंवा खरखरीत टेपची पट्टी चिकटवतात, ती याचसाठी. त्यातल्या अनेकांना प्रांटल हे नाव माहीत नसते, पण पट्टी कुठे लावायची ते बरोबर माहीत असते.

थर कोणत्या प्रकारचा राहील याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून रंगीत पाण्याची धार सोडून जो प्रयोग केला, त्यावरून त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. पंखाची रुंदी गुणिले वेग, आणि त्याला हवेच्या चिकटपणाने भागायचे. लहान विमान आणि मोठे विमान यांचा हा अंक सारखा असेल, तरच लहानावरून मोठ्याविषयी खात्रीने बोलता येते. बहुतेक वेळा तो सारखा नसतो. म्हणून वातबोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्याने हवा खेळवलेल्या बोगद्यात, छोटी प्रतिकृती टांगून घेतलेली मापे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. ती दुरुस्त करावी लागतात. प्रांटल यांचेच एक विद्यार्थी मॅक्स मुंक यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकात यावर तोड काढली. बोगदाच पोलादी टाकीत बंद केला आणि आतली हवा वीसपट दाबापर्यंत दाबली. विमान लहान केले होते, त्या मानाने हवाही बदलून टाकली.

घाटगे गटिंगेनमध्ये होते तो काळ मात्र अभ्यासाला पोषक म्हणण्यासारखा नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच विद्यापीठातून माक्स बोर्न, एमी नोएदर, रिचर्ड कूरांट यांच्यासारखी माणसे काढून टाकण्यात आली. जगातले अव्वल गणिताचे केंद्र काही महिन्यांत ओस पडले. अशा गावातून घाटगे पदवी घेऊन परत आले, ते अशा देशात, जिथे त्यांच्या विद्येला लागणारा एकही कारखाना नव्हता.

तो कारखाना चार वर्षांनी निघाला आणि तो काढणारेही मराठी मुलखातलेच, सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने त्यांनी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू केली. युद्ध चालू होते, परदेशी यंत्रे आणि अमेरिकन तंत्रज्ञ आले, आणि सुट्या भागांतून जोडलेले पहिले हार्लो शिकाऊ विमान १९४१ मध्ये उडाले. घाटगे या कंपनीत विमानाचे आराखडे करणारे म्हणून आले. जोडणी करणे वेगळे आणि आराखडा करणे वेगळे. घाटगे यांनी हाती घेतलेले पहिले काम होते दहा माणसे नेणाऱ्या सैनिकी ग्लायडरचे. इंजिन नसलेले विमान हा फार प्रामाणिक प्रकार असतो, कारण आराखड्यातली चूक लपवायला ताकद नसते. पंख बरोबर असेल तर ते तरंगते, नसेल तर पडते. हा ग्लायडर तयार झाला, उडाला, पण त्याचे उत्पादन झाले नाही. सरकारने १९४२ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि पुढची वर्षे तिथे प्रामुख्याने अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती चालली.

आराखडे करायचे तर माणसे घडवावी लागतील, हे घाटगे यांनी ओळखले होते. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. कारखान्यातले काम सांभाळून घाटगे यांनी त्या विभागाची सुरुवातीची घडी बसवण्यात मोठा वाटा उचलला. वर्ग आणि वातबोगदा या दोन्ही गोष्टी तिथे उभ्या राहिल्या. सर्वसामान्य वाचकाला वातबोगदा म्हणजे एक मोठे पिंप आणि पंखा वाटेल. पण देशात स्वतःचा बोगदा असणे याचा अर्थ, प्रतिकृती बांधून तिचे ऐकण्याची सोय घरात असणे. त्याआधी प्रत्येक शंकेसाठी इंग्लंडकडे पाहावे लागत होते.

स्वातंत्र्यानंतर वायुदलापुढे साधी अडचण होती. नव्या वैमानिकाला पहिले धडे द्यायला टायगर मॉथ हे कापडी, दुपंखी ब्रिटिश विमान होते. ते म्हातारे झाले होते. १९४८ च्या सुमारास बंगळुरूला नव्या शिकाऊ विमानाच्या आराखड्याचे काम सुरू झाले आणि त्याची सूत्रे घाटगे यांच्याकडे आली. विमानाचे नाव एचटी-२. दोन आसने पुढे-मागे, धातूचे सर्व अंग, पंख खाली. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा आकाशात गेले. चालवत होते जमशेद मुन्शी, जे जिमी मुन्शी म्हणून ओळखले जात. युद्धानंतर कानपूरला भंगारात टाकलेली लिबरेटर बॉम्बर विमाने कशीबशी चालती करून बंगळुरूला उडवत आणणारे ते हेच. भंगारातली विमाने उडवलेल्या माणसाला कोरे करकरीत विमान चालवायला मिळाले, हा दैवाचा न्यायच म्हणायचा.

शिकाऊ विमान हे दिसायला साधे असते, पण आराखडा करणाऱ्याची खरी परीक्षा तेच घेते. लढाऊ विमान चालवणारा तयार वैमानिक असतो. शिकाऊ विमानात बसतो तो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या हातून चुका होणार हे गृहीतच असते. तो उतरताना वेग कमी करून बसतो, वळताना नाक वर ओढतो. अशा वेळी विमानाने आधी थरथरून इशारा द्यायला हवा, पंख एकदम पडता कामा नये, आणि गिरकीत गेलेच तर साध्या उपायाने बाहेर यायला हवे. गिरकी हा तर फार वाईट प्रकार. एक पंख स्टॉल होतो, दुसरा होत नाही, आणि विमान पिसासारखे गोल फिरत खाली येते. त्यातून बाहेर पडता येईल की नाही, हे शेपटीच्या आकारावर आणि वजन कुठे आहे यावर ठरते. याची चाचणी जगभर प्रतिकृतींवरच होत असे. अमेरिकेत लँगली येथे १९३० च्या दशकात खास उभा बोगदा बांधला गेला, ज्यात खालून वर येणाऱ्या वाऱ्यात छोटे विमान मोकळे सोडून ते गिरकीतून बाहेर येते का, हे पाहत. त्या प्रतिकृतींचे वजन मोजूनमापून ठेवलेले असे. नुसता आकार सारखा असून भागत नाही.

हे वजनाचे गणित हौशी विमानवाल्यांच्याही कामाचे आहे, आणि त्यासाठी एचटी-२ चेच उदाहरण घेता येईल. या विमानाच्या पंखांची लांबी सुमारे १०.७ मीटर, भरलेले वजन सुमारे १,०१६ किलो, इंजिन १५५ अश्वशक्तीचे आणि नेहमीचा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास. आता त्याची एकास सहा प्रतिकृती करायची. लांबी सहाने भागली की पंख १.८ मीटरचे होतात, म्हणजे घराच्या दारातून तिरके करून बाहेर काढण्याएवढे. पंखाचे क्षेत्रफळ छत्तिसाने भागले जाते. पण वजन दोनशे सोळाने भागावे लागते, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी झाल्या. १,०१६ भागिले २१६ म्हणजे ४.७ किलो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार त्यामुळे सहापट कमी होतो, आणि उडण्याचा वेग सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ अडीचपटीने घटतो. ताशी १८५ चे ७५ होतात. शक्ती तर पाचशेहून जास्त पटींनी कमी पुरते. १५५ अश्वशक्तीच्या जागी हिशेबाने सव्वादोनशे वॉटच्या आत काम भागते, म्हणजे घरातल्या मिक्सरच्या मोटरीच्या निम्म्याहून कमी. प्रत्यक्षात छोटा पंखा कमी कार्यक्षम असतो, म्हणून मोटर याहून चांगलीच मोठी लावतात.

काळही आकसतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. खरे विमान जो हेलकावा अडीच सेकंदांत घेते, तो ही प्रतिकृती एका सेकंदात घेते. हातातल्या रेडिओच्या दांड्यांवर बोटे त्या मानाने चपळ असावी लागतात. प्रत्यक्ष विमान चालवणारे अनुभवी वैमानिकही पहिल्यांदा प्रतिकृती उडवताना गडबडतात ते यामुळे. शिवाय विमान स्वतःकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते.

आणि शेवटी रेनॉल्ड्स अंक. एचटी-२ च्या पंखाची सरासरी रुंदी दीड मीटर धरली तर त्याचा हा अंक सुमारे ५० लाख येतो. एकास सहा प्रतिकृतीचा येतो साडेतीन लाखांच्या जवळ. पंधरापट फरक. आकार, वजन, वेग, शक्ती, सगळे प्रमाणात बसवले तरी हा एक आकडा बसत नाही, आणि सड्यावरच्या त्या वळणात पंख पाडणारा हाच आकडा. म्हणून जाणते लोक प्रतिकृती बांधताना दोन-तीन ठिकाणी नकाशाशी बेइमानी करतात. शेपूट थोडी मोठी ठेवतात, पंखाच्या टोकाला किंचित खाली पीळ देतात, पंखाची पुढची कड जरा गोल करतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण हवेला कळतो.

एचटी-२ दीडशेहून अधिक बांधली गेली. वायुदलाच्या आणि नागरी शाळांतल्या विमान शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर घडल्या. स्वतंत्र झालेल्या घाना देशाने आपले वायुदल उभारताना ही विमाने भारताकडून घेतली. त्यानंतर १९५८ मध्ये पुष्पक आणि १९५९ मध्ये कृषक आले. पुष्पक हे पंख वर असलेले, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले दोन आसनी विमान, देशभरच्या फ्लाइंग क्लबांसाठी. ते संपूर्ण नवे नव्हते. अमेरिकन एरोन्का विमानाची छाप त्यावर स्पष्ट दिसते. पण कमी खर्चात क्लबांना परवडेल असे विमान देशात तयार होणे हीच तेव्हाची गरज होती. नव्या कल्पनेचा हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, याची घाटगे यांना जाण होती. पुष्पकाचेच थोरले भावंड शोभेल असे कृषक लष्कराच्या तोफखान्याला वरून टेहळणी करून देण्याच्या कामी आले.

मग आले मोठे धाडस. भारताने आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमान स्वतः बांधायचे ठरवले आणि १९५६ मध्ये जर्मन विमानकार कुर्ट टांक यांना बंगळुरूला बोलावले. दुसऱ्या महायुद्धातले फोके-वुल्फ १९० हे त्यांचे गाजलेले विमान. सोबत जर्मन अभियंत्यांची एक तुकडी होती, पण आराखड्याचे बहुतेक हात भारतीय होते, आणि ते हात घाटगे यांनी पंधरा वर्षे तयार केलेल्या परंपरेतले होते. गटिंगेनमध्ये शिकलेल्या माणसाला या जर्मन मंडळींशी त्यांच्या भाषेत काम करता येत होते, हाही भाग होताच. विमानाचे नाव ठरले मरुत.

मरुतच्या वेळी जे केले गेले, ते प्रतिकृतींच्या इतिहासात वेगळे उठून दिसते. बोगद्यातल्या छोट्या प्रतिकृतींवर तर काम झालेच. पण नव्या आकाराच्या, मागे वळलेल्या पंखांचे संथ वेगातले वागणे कसे असेल, याची शंका बोगद्यातून पुरती फिटत नव्हती. तेव्हा पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर बांधण्यात आला. एकास एक प्रतिकृती! त्यात इंजिन नव्हते, पण पंख, शेपूट, नियंत्रणे सगळी खऱ्या मरुतसारखी. डकोटा विमानाने दोराला बांधून तो वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. १९५९ पासून त्याची ७८ उड्डाणे झाली. विमान लहान केलेच नाही, तर रेनॉल्ड्स अंकाचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. युद्धकाळात ग्लायडरपासून सुरुवात केलेल्या चमूने लढाऊ जेटसाठीही पुन्हा ग्लायडरच वापरला. हा ग्लायडर चालवणारे विंग कमांडर सुरंजन दास यांनीच १७ जून १९६१ रोजी खरे मरुत पहिल्यांदा उडवले.

मरुतचे पुढे काय झाले ते अनेकांना ठाऊक आहे. शरीर आवाजापेक्षा वेगवान उडण्यासाठी घडवलेले होते, पण त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही. ब्रिटिश कंपनीच्या ज्या जास्त ताकदीच्या इंजिनावर भिस्त होती, त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी मागणी झाली. ती दिल्लीला मान्य झाली नाही. जुन्याच इंजिनांवर मरुत सेवेत आले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चांगले काम केले, पण ज्या वेगासाठी ते जन्मले होते तो त्यांना सरळ उड्डाणात कधी गाठता आला नाही. आराखडा उत्तम असून इंजिन नाही, ही अवस्था देशाच्या वाट्याला पुढेही आली आहे, आणि त्या वेळी वाचवलेला पैसा खरोखर वाचला का, हा प्रश्न अजून विचारण्यासारखा आहे. सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्याच एका चाचणीत मृत्युमुखी पडले.

मरुतचा गाजावाजा चालू असताना घाटगे यांचे लक्ष दुसऱ्या एका विमानाकडेही होते. एचटी-२ वर शिकलेल्या मुलाला थेट जेट देण्याआधी मधली एक पायरी हवी होती. ती पायरी म्हणजे किरण. यात शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कुठे जातो आहे ते शिक्षकाला दिसते. किरण ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. पुढच्या वर्षी घाटगे यांना पद्मश्री मिळाली. कंपनीच्या सर्वोच्च पदांपैकी एकापर्यंत ते गेले होते, तरी सामान्य लोकांत त्यांचे नाव कधी फारसे झाले नाही. लढाऊ विमानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, शिकाऊ विमानाची येत नाहीत. १९९६ मध्ये वायुदलाने सूर्यकिरण हे हवाई कसरतींचे पथक उभे केले. लाल-पांढऱ्या रंगांची नऊ विमाने पंखाला पंख लावून आकाशात रेषा काढत, आणि खाली उभी असलेली लाखो माणसे माना वर करून ती पाहत. ती विमाने किरणच होती. पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की त्यांच्या आराखड्यामागचा माणूस गडहिंग्लजकडचा होता.

हे दृश्य पाहायला घाटगे स्वतः नव्हते. ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे. हौशी विमानवाले अशा संग्रहालयांत इतरांसारखे फिरत नाहीत. ते विमानाभोवती एका जागी बराच वेळ उभे राहतात, पंखाच्या मुळाशी वाकून कमान पाहतात, शेपटीच्या बिजागरीची छायाचित्रे काढतात, चाकाची उंची स्वतःच्या गुडघ्याशी जुळवून लक्षात ठेवतात. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बांधायला शिकलेली मुलेही अशीच रेंगाळतात. मग घरी येऊन कागदावर रेषा आखल्या जातात, सगळी मापे सहाने भागली जातात, आणि शेपटीच्या मापापाशी पेन्सिल थोडी थांबते. किती वाढवायची? काही जण दहा टक्के म्हणतात, काही पंधरा. उत्तर कागदावर मिळत नाही. दुपारचा वारा जरा पडला की ते सड्यावर नेऊन पाहावे लागते.